‘आतलंच काम आहे’ : घरदुरुस्ती आणि महापालिकेची परवानगी

दिवाळीनंतर लग्नसराईच्या आधी, आणि पुन्हा मे महिन्यात, आपल्या शहरांतल्या इमारतींमधून ब्रेकरचा आवाज सुरू होतो. कुणी फरशी बदलतं, कुणी स्वयंपाकघराची भिंत पाडून हॉल मोठा करतं, कुणी बाल्कनीला काच लावून मुलाच्या अभ्यासाची सोय करतं. जिन्यात सिमेंटच्या गोण्या दिसल्या की शेजारी विचारतात, परवानगी काढलीत का? उत्तर बहुतेक एकच असतं : ‘त्यात काय, आतलंच काम आहे.’

हे उत्तर थोडं खरं आहे आणि थोडं फार धोक्याचं. कुठवर खरं आणि कुठून धोक्याचं, हे सांगणारं माणूस मात्र सहजी भेटत नाही. मिस्त्री म्हणतो काही लागत नाही, सोसायटीचे सचिव म्हणतात सगळ्याला लागते, आणि मध्यस्थ म्हणतो, मी बघतो. घराला हात लावणाऱ्यानं कायदा नेमकं काय म्हणतो ते स्वतः एकदा पाहावं, यासाठी हा आढावा.

सुरुवात तीन दुर्घटनांपासून करतो, कारण त्या बाजूला ठेवून या विषयावर बोलणं मला जमत नाही. जुलै २००७ मध्ये बोरिवलीत लक्ष्मीछाया ही इमारत कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसं गेली. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोडजवळ महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची इमारत पडली, ६१ मृत्यू. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, १७ मृत्यू. तिन्ही ठिकाणी कोसळण्याच्या कारणांचा शोध घेताना बोट गेलं ते तळमजल्यावर झालेल्या फेरबदलांकडे. बोरिवलीत दुकान होतं, डॉकयार्डला गोदाम, घाटकोपरला रुग्णालयाच्या जागेचं नूतनीकरण. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिन्ही इमारती आदल्या दिवशी होत्या तशाच दिसत असणार, कारण काम आत चाललं होतं.

आता कायद्याकडे. महाराष्ट्रात या प्रश्नावर दोन कायदे एकाच वेळी लागू असतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याचं कलम ४३ म्हणतं की नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कुठलाही विकास करता येणार नाही. त्याच कलमात सवलतही आहे : इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरबदल फक्त आतल्या भागापुरते असतील, किंवा त्यांनी बाहेरच्या स्वरूपात लक्षणीय फरक पडत नसेल, तर परवानगीची गरज नाही. वारसा इमारती आणि वारसा परिसर यांना ही सवलत लागू नाही. ‘आतलं काम’ या शब्दांना जो कायदेशीर आधार आहे तो हाच. मिस्त्रीनं हे कलम वाचलेलं नसतं, पण पिढ्यान्‌पिढ्या तो त्याचाच सारांश सांगत आलेला असतो.

ही सवलत इमारतीकडे बाहेरून बघते. नगररचनेच्या दृष्टीनं ते स्वाभाविक आहे. तिला रस्ता, मोकळी जागा, उंची आणि चटईक्षेत्र यांची काळजी. आतल्या भिंतीवर काय तोललेलं आहे हा तिचा प्रश्नच नाही.

तो प्रश्न दुसऱ्या कायद्याचा, म्हणजे महापालिका कायद्याचा. मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आहे. त्याच्या कलम ३४२ प्रमाणे इमारतीत भर घालायची असेल, इमारतीचा कुठलाही भाग काढून किंवा बदलून दुरुस्ती करायची असेल, किंवा वापर बदलायचा असेल, तर आयुक्तांना आधी सूचना द्यावी लागते. सूट आहे ती ‘टेनंटेबल रिपेअर्स’ना, म्हणजे राहण्याजोगं ठेवण्यासाठीच्या साध्या दुरुस्त्यांना. त्या कुठल्या, हे कलमाच्या स्पष्टीकरणात मोजून दिलं आहे : भिंतींना किंवा आधार देणाऱ्या भागांना गनायटिंग (सिमेंटचं मिश्रण दाबानं फवारणं), गिलावा, रंग आणि दर्जा भरणं, फरशी बदलणं, संडास, न्हाणी, मोरी यांची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, मॅनहोल दुरुस्त करणं किंवा नवे बसवणं, पाण्याची, संडासाची आणि विजेची फिटिंग दुरुस्त करणं किंवा बदलणं, आणि छप्पर त्याच प्रकारच्या साहित्यानं पुन्हा घालणं. एवढ्याला परवानगी नको.

त्याच स्पष्टीकरणात उलटी बाजूही आहे आणि ती जास्त महत्त्वाची. बांधकामाची लांबी, रुंदी, उंची बदलली. भार पेलणाऱ्या भिंतीचा किंवा सांगाड्याचा कुठलाही भाग काढला वा बदलला. जोतं, पाया किंवा जमीन खाली घेतली. पोटमाळा घातला किंवा वाढवला. उतरतं छप्पर सपाट केलं किंवा त्याचं साहित्य बदललं, तर ती साधी दुरुस्ती राहत नाही. मग ते काम घराच्या कितीही आत असो.

मला हे कलम आपल्या सगळ्या बांधकाम कायद्यांतलं सर्वांत शहाणं वाटतं. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, वस्तूंची नावं घेऊन, ते रेघ ओढतं. एका पानात मावणारी ही यादी सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायला हवी. मी आजवर ज्या ज्या इमारतींत गेलो, त्यांतल्या एकाही फलकावर ती पाहिलेली नाही.

मुंबईबाहेरच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. त्यात हेच काम कलम २५४ करतं, पण मोजपट्टी जुनी आहे. बाहेरची भिंत, सामाईक भिंत किंवा छप्पर पेलणारी भिंत जोत्याच्या वर निम्म्याहून अधिक काढायची वा पुन्हा बांधायची असेल तर सूचना द्यावी, असा त्याचा रोख. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत बाहेरच्या भिंतीतले निम्म्याहून अधिक खांब बदलायचे असतील तर द्यावी. हे नियम वाचताना डोळ्यांपुढे वाडा उभा राहतो : जाड विटांच्या किंवा मातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, वर कौलं. तिथे निम्मी भिंत हे माप अर्थपूर्ण होतं. आरसीसी इमारतीत नऊ इंची भिंत सबंध पाडली तरी कदाचित काही होणार नाही, आणि एका कॉलमचा कोपरा चार इंच तासला तर वरचे पाच मजले धोक्यात येतील. निम्म्याच्या हिशोबात हा फरक पकडता येत नाही.

शहरानं माणसाच्या घरात बघायचं कशाला, हा प्रश्न या शहरांत जुना आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाट चाळींमधल्या अंधाऱ्या खोल्या हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खोलीत आकाशाचा उजेड यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम त्याच काळात रूढ झाला. पुढे १९६४ च्या विकास आराखड्यापासून मुंबईत चटईक्षेत्र निर्देशांक आला आणि परवानगीचा मुख्य प्रश्न ‘उजेड किती’ यावरून ‘क्षेत्रफळ किती’ यावर सरकला. आज नकाशा तपासणारं सॉफ्टवेअर चौरस मीटर मोजतं, सामासिक अंतरं मोजतं. वाढलेलं क्षेत्र म्हणजे पैसा, अधिमूल्य, कर. यंत्रणेची नजर तिथे तयार झाली आहे. घरमालकानं किती जागा वाढवली हे तिला चटकन दिसतं. त्यानं कशाला हात लावला हे दिसायला वेगळी नजर लागते.

ती नजर म्हणजे वजनाचा हिशोब, आणि तो फार अवघड नाही. घराच्या स्लॅबवर माणसं, सामान, फर्निचर यांचं जे वजन गृहीत धरतात ते भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो. आता जुनी फरशी न काढता तिच्यावरच दीड इंच माल टाकून नवी फरशी बसवली, तर दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भर पडते. म्हणजे जेवढा भार धरला होता त्याच्या निम्मा, तोही कायमचा. दहा बाय बाराच्या खोलीत हे वजन अकराशे किलोंच्या घरात जातं. फरशी बदलायला परवानगी नको, हे कायद्यानं सांगितलं आहे. पण त्यात जुनी काढून नवी घालणं अपेक्षित आहे. ‘तोडफोड नको, वरूनच टाकू’ हा सल्ला सोयीचा असतो, खोलीला तो झेपतोच असं नाही.

तेच भिंतीचं. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच, साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह दोन टनांहून जड होते. ती जिथे मूळ होती तिथे खाली बीम असतो. हौसेनं ती चार फूट सरकवली की ती स्लॅबच्या मधोमध उभी राहते. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाची होते, म्हणून जाणकार इंजिनिअर खोलीची नवी विभागणी त्यांत किंवा जिप्सम बोर्डात करायला सांगतात. ही साधी निवड आहे, खर्चही बेताचा, आणि तरीही कुणी न सांगितल्यामुळे होत नाही.

संडास-न्हाणी हलवणं ही तिसरी मोठी गोष्ट. मूळ जागी स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात पाइप आणि वर ब्रिकबॅट कोबा. नव्या जागी तशी खोली नसते, म्हणून जमीन सहा-आठ इंच उंचावतात आणि भराव घालतात. वजन वाढतं, उतार नीट मिळत नाही, आणि खालच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या किंवा झोपायच्या खोलीच्या डोक्यावर ओल सुरू होते. सोसायट्यांमधली कितीतरी भांडणं या एका कामातून जन्मतात. ‘संडासाची दुरुस्ती’ आणि ‘संडासाची जागा बदलणं’ यांत कायद्यानं फरक केला आहे तो याचसाठी.

आणि एक गोष्ट, जी नव्या इमारतींत राहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. गेल्या काही वर्षांत मोठ्या गृहप्रकल्पांमध्ये ‘मायवान’ म्हणून ओळखली जाणारी ॲल्युमिनियमच्या साच्यांची पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, विटा जवळपास नसतात. अशा घरात वेगळा कॉलम दिसत नाही, कारण भिंतच कॉलम असते. जुन्या इमारतीत वाढलेला माणूस नव्या घरात आल्यावर सवयीनं म्हणतो, ही मधली भिंत काढू. तिथे ती काढायची नसते. दार रुंद करायचं नसतं, भिंतीत खोल चर मारून वायर पुरायची नसते, एसीच्या पाइपसाठी मनाला येईल तिथे भोक पाडायचं नसतं. आपल्या खोलीची भिंत कशाची आहे हे विचारायला बिल्डरकडे किंवा सोसायटीकडे एक पत्र पुरतं.

सोसायटी हा तिसरा पहारेकरी. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सदनिकेत भर किंवा फेरबदल करता येत नाहीत. तिची परवानगी आणि महापालिकेची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरीची गरज संपत नाही, हे दोन्ही बाजूंनी विसरलं जातं. समितीनं ना-हरकत दिली म्हणून बीम तोडता येत नाही. आणि महापालिकेची परवानगी लागत नाही अशा रंगकामासाठी समितीनं महिनाभर अडवून ठेवणंही योग्य नाही. कामाच्या वेळा, लिफ्टमधून सामान नेणं, अनामत रक्कम, राडारोडा कुठे टाकायचा, हे ठरवणं समितीचं काम आहे आणि ते तिनं चोख करावं. पण समित्यांचा सगळा जोर अनामत आणि वेळा यांवर जातो. ‘कुठली भिंत काढणार, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र दाखवा’ हा प्रश्न क्वचित विचारला जातो, आणि समितीनं विचारायचा खरा प्रश्न तोच.

गळतीचा खर्च कुणाचा, या नेहमीच्या वादालाही उपविधींत उत्तर आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची. घरातल्या सिंक, संडास, न्हाणीमुळे होणारी सभासदानं.

भाडेकरूंची गोष्ट निराळी. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला साधा ओटा घालतानाही भीती असते, मालक कोर्टात जाईल. भीती अगदीच खोटी नाही : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर जागा खाली करून मागता येते. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कायमचं बांधकाम कशाला म्हणायचं नाही हेही लिहिलं आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी आवश्यक खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराडं. जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन हे केलं तर ते कायमचं बांधकाम धरलं जात नाही. चाळीत चुलीपुढे खाली बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला उभं राहून भाकरी थापता यावी, इतका बारीक विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. तो कायदा ज्यांच्यासाठी झाला त्यांच्यापर्यंत हे स्पष्टीकरण पोचलं असतं तर कितीतरी घरं थोडी आधी सुधारली असती. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे हे कलम १४ सांगतं. मुंबईत मालक करत नसेल तर भोगवटादारानं स्वतः दुरुस्ती करून खर्च वसूल करण्याची वाट १८८८ च्या कायद्याच्या कलम ४९९ मध्ये आहे. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या बाबतीत म्हाडाचं दुरुस्ती मंडळही मध्ये येतं. म्हाडाच्या स्वतःच्या वसाहतींसाठी तर २०१८ पासून नियोजन प्राधिकरणच म्हाडा आहे. तिथल्या रहिवाशानं पालिकेच्या प्रभाग कार्यालयात खेटे घालून उपयोग नसतो.

वारसा यादीतल्या इमारतीत तर ‘आतलं काम’ हा बचाव उरतच नाही, हे वर आलंच. महाराष्ट्राबाहेर, गोव्यातल्या जुन्या घरांना मात्र वेगळीच अडचण. गावात घर दुरुस्तीसाठी पंचायतीकडे जावं लागतं. गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ च्या कलम ६६ मध्ये बांधकामाची परवानगी पंचायतीकडे आहे. आणि एक घर अनेक वारसांच्या नावावर असतं. कौलं बदलायची तर सह्या कुणाकुणाच्या, यातच दोन पावसाळे जातात आणि मातीच्या भिंती तेवढे थांबत नाहीत.

ज्या कामाला परवानगी लागते त्याची वाट कशी असते? अर्ज स्वतः हातानं करता येत नाही. नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर यांच्यामार्फत जातो आणि सांगाड्याला हात लागत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची जबाबदारी लेखी लागते. मालकीचा पुरावा, आधीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं ना-हरकत, प्रस्तावित बदलांचा नकाशा. मुंबईत नवं बांधकाम आणि भर यासाठी इमारत प्रस्ताव खातं, तर प्रभागातल्या दुरुस्त्या आणि अनधिकृत कामांसाठी इमारत व कारखाने खातं. मुंबईत मिळणाऱ्या पहिल्या कागदाला ‘आयओडी’ म्हणतात. त्याचं पूर्ण नाव नामंजुरीची सूचना असं आहे, म्हणून हातात पडल्यावर लोक घाबरतात. प्रत्यक्षात तो अटींसह दिलेला होकार असतो. अटी पुऱ्या झाल्या की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते एका वर्षापुरतं असतं, मुदत वाढवून घ्यावी लागते. काम झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा. हा शेवटचा टप्पा पुष्कळ लोक सोडून देतात आणि घर विकताना, कर्ज काढताना अडकतात.

१९६६ च्या कायद्यात एक तरतूद अर्जदाराच्या बाजूची आहे. परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, मात्र काम नियमांत बसणारं असेल तरच. म्हणून पोचपावती हा या व्यवहारातला सर्वांत मोलाचा कागद. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनं मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून राज्यभर एकच नियम आणले आणि लहान भूखंडांना मोठा दिलासा दिला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशे आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत निर्णय. छोट्या बंगल्यावर खोली चढवणाऱ्या कुटुंबाला याचा खरा उपयोग आहे. हा बदल मला मनापासून आवडला, कारण त्यात तज्ज्ञाच्या सहीवर भरवसा आहे आणि चुकल्यास जबाबदारीही त्याच्यावर आहे. सदनिकेतल्या अंतर्गत बदलांसाठी असाच जलद दरवाजा हवा : इंजिनिअरचं प्रमाणपत्र, बदलाचा एक नकाशा, आणि त्याची इमारतीच्या फायलीत कायमची नोंद. आज भिंत काढू पाहणाऱ्यापुढे दोनच पर्याय दिसतात, मोठी फाइल किंवा गुपचूप काम. बहुतेक जण दुसरा निवडतात.

बाल्कनीबद्दल थोडक्यात. मुंबईत बाल्कनी बंद करणं एके काळी अधिमूल्य भरून नियमात बसत असे. बाल्कनी चटईक्षेत्राबाहेर मोजली जाई. जानेवारी २०१२ च्या सुधारणेनं बाल्कनी, फ्लॉवरबेड यांसारख्या जागा चटईक्षेत्रात धरायला सुरुवात केली. म्हणून शेजारच्या जुन्या इमारतीत चाललं ते आपल्याकडे चालेलच असं नाही. आपल्या मंजूर नकाशात बाल्कनी कशी दाखवली आहे ते पाहायचं. खिडकीबाहेर काढलेली लोखंडी पेटी हा तर आगीच्या वेळी जिवाशी खेळ आहे. घालायचीच असेल तर तिला आतून उघडणारा दरवाजा हवा.

या सगळ्या चर्चेत एक मोठा वर्ग बाहेरच राहतो. मंजूर नकाशा, भोगवटा, सोसायटी हे शब्द ज्यांच्या घराला लागूच नाहीत ते वस्त्यांमधले रहिवासी. घरात सर्वांत जास्त काम तेच करतात, दर पावसाळ्याआधी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत उंचीची मर्यादा १४ फूट आहे. त्यात पोटमाळा कसाबसा बसतो. कुटुंब वाढलं की पोटमाळ्यावर आणखी एक मजला चढतो, अँगल आणि पत्र्यांवर, कुठल्याही इंजिनिअरच्या नजरेखालून न जाता. मग कारवाईची भीती दाखवून पैसे मागणारे येतात. इथे उंची मोजली जाते, मजबुती मोजायची पद्धतच नाही. ज्यांना तज्ज्ञाचा सल्ला सर्वांत जास्त हवा त्यांनाच तो मिळण्याची वाट नसावी, हे मला या व्यवस्थेचं सर्वांत मोठं अपयश वाटतं.

परवानगीशिवाय काम झालंच असेल तर? मुंबईत कलम ३५१ आणि चालू काम थांबवण्यासाठी ३५४-अ, इतरत्र कलम २६०, आणि सगळीकडे १९६६ च्या कायद्याचं कलम ५३, यांखाली नोटीस येते. नोटीस कोपऱ्यात टाकून देऊ नये. कलम ५३ खालीच काम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो आणि जे नियमात बसण्यासारखं आहे ते दंड, शुल्क भरून नियमित होऊ शकतं. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस देणं बंधनकारक केलं. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला मात्र ते लागू नाही. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद १९४९ च्या कायद्यात आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीवरून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. सांगाड्याला धक्का लागलेला असेल तर मात्र नियमित करण्याआधी इंजिनिअरकडून तो सावरून घ्यावा. दंड भरल्यानं कॉलम जाड होत नाही.

राडारोडा नदीकाठी किंवा खाडीत रात्री ओतणं हा गुन्हा आहे. कंत्राट ठरवतानाच तो कुठे जाणार हे लिहून घ्यावं.

तीस वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्य प्रमाणपत्र बंधनकारक आहे. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. पण ऑडिट करणाऱ्याच्या हातात कागद काय असतात? आमची इमारत १९८० च्या दशकातली. मला स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधली भिंत काढायची होती. सोसायटीच्या कपाटात मंजूर नकाशाची झेरॉक्स निघाली, आरसीसीचे नकाशे नव्हतेच. महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मुदतीत उत्तर आलं, पण त्यातही खोल्यांची मापं होती, सळयांचा पत्ता नव्हता. इमारतीत इतक्या वर्षांत किती घरांनी आत काय बदललं याची नोंद कुणाकडेच नव्हती.

शेवटी एक स्ट्रक्चरल इंजिनिअर सळई शोधायचं यंत्र घेऊन आले. ते भिंतीवरून हळूहळू फिरवत गेले. मिस्त्रीनं ‘नुसत्या विटा आहेत’ म्हणून सांगितलेल्या भागात, गिलाव्याच्या आत, भिंतीच्या जाडीत पूर्ण दडलेला नऊ इंची कॉलम निघाला. त्यांनी खडूनं उभी रेघ ओढली आणि मिस्त्रीला जवळ बोलावून यंत्राचा आवाज ऐकवला. रेघेच्या डावीकडची साडेचार फूट भिंत हातोडी-छिन्नीनं काढली, ब्रेकर लावू दिला नाही. उजवीकडची तशीच आहे, ओट्याच्या कडेला. त्यांच्या नकाशाच्या तीन प्रती काढल्या : एक माझ्याकडे, एक महापालिकेत पोच घेऊन दिली, आणि एक सोसायटीच्या नव्या फायलीत. फायलीवर सचिवांनी ‘अंतर्गत बदल’ असं लिहिलं. माझा कागद तिच्यातला पहिला होता. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या न्हाणीघराचा दुसरा आणून लावला.